वेशीवरचे दोन बार

आमच्या उमेशचं जावळ काढलं ते वर्ष अठ्ठ्याहत्तर. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून माझा थोरला भाऊ सगुणदादा देवसड्याहून आदल्या दिवशीच आला होता. दादा एसटीत कंडक्टर. त्याला रजा मोठ्या मिनतवारीने मिळत असे. येताना पिशवीत भाच्याला झबलं आणि खांद्यावर आमच्या वडिलांची ठासणीची बंदूक घेऊन तो डोंगरवाटेने चालत आला. आश्विन लागला होता. भात पिवळं व्हायला आलं होतं आणि रानडुकरांनी वरचे मळे लोळवून टाकले होते. त्यामुळे जावळ झालं की दुसऱ्या दिवशी रान हाकायचं हे गावाने ठरवूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेशचे बाबा अंगणात बसून आपली बंदूक पुसत होते. तिच्या लाकडी दस्त्याला तडा गेला होता, त्यावर त्यांनी पितळी तार गच्च गुंडाळलेली. तार गुंडाळताना दुसरं टोक मीच धरलं होतं.

"पुनाजीराव, ही बंदूक घेवन रानात जातास की चुलीत घालतास?" दादा ओसरीवरून म्हणाला.

"तुमच्या बापाशीच्या बंदुकीपेक्षा बरी. ती आवाज तरी काढता काय?"

"आवाज काढता, डुकर पण पाडता. तुमी शेवटची मुंडी कधी हाडलास घरात? आमच्या आवडूक मुंडीची चव आठवता तरी काय, इचारा."

मी दारात उभी होते. मला हसू आलं. उमेशचे बाबा माझ्याकडे बघून पुन्हा बंदूक पुसायला लागले.

मुंडीचं सांगितलं पाहिजे. आमच्या किंजळवाडीत शिकारीचे वाटे सगळ्यांना सारखे, हाकवे असोत की बंदूकवाले. फक्त डुकराचं डोकं ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याचं. रान दाट, बंदूकवाले एकमेकांना दिसत नाहीत, मग बार कोणाचा हे ठरायचं हाळीवर. बार झाला की मारणारा जागेवरूनच मोठ्याने हाळी देतो, "बार माझो." पहिली हाळी ज्याची त्याचा बार. हाळीला साक्ष लागत नाही आणि दिलेली हाळी परत घेता येत नाही. खोटी हाळी देणाऱ्याला पुन्हा रानात कोणी बोलवत नाही. माझ्या सासऱ्यांच्या आठवणीत असा एकच माणूस झाला होता, आणि त्याच्या नातवंडांनाही लोक त्यावरून ओळखत.

त्या दिवशी बंदुका तीन होत्या. गावचे मानकरी आपा गावकर, उमेशचे बाबा आणि दादा. रान हाकायला दहा-बारा माणसं. त्यांत सगळ्यांत पुढे बुधाजी. बुधाजी आमच्या घरामागच्या घरातला. डुकराच्या वाटा त्याला आपल्या परसासारख्या ठाऊक. आदल्या दिवशी जावळाच्या पंगतीत त्याने वडे मागून मागून खाल्ले आणि उठताना म्हणाला, "वहिनी, आता पुढचा जावळ कधी ता सांग, म्हणजे मी दोन दिवस उपाशी रवतंय."

ते रानात गेले आणि मी उन्हं वर आल्यावर कपडे घेऊन व्हाळावर गेले. व्हाळ गावाच्या वेशीवर आहे. पलीकडच्या काठावर गावाच्या राखणदार देवाचा धोंडा, आणि त्याला लागूनच रानातून येणारी पायवाट. मी एकटीच होते. बराच वेळ नुसती हाकव्यांची ओरड आणि पत्र्याचे डबे वाजवल्याचे आवाज येत होते. मग एक बार झाला. त्याच्यामागून कोणाची तरी हाळी आली. लांबून आवाज ओळखू येईना. मी धुणं बडवत राहिले.

पुढे सगळं शांत झालं. डुक्कर पडलं की माणसं हसत, भांडत येतात. तसं काही ऐकू येईना.

मग पायवाटेवर माणसं दिसली. दोन बांबूंना कांबळं बांधून त्यात कोणाला तरी आणत होते. पुढचा बांबू उमेशच्या बाबांच्या खांद्यावर होता. ते अंगाने भक्कम होते, असल्या वेळी पुढचा खांदा त्यांचाच असे. कांबळ्यात बुधाजी होता. त्याचे डोळे उघडे होते. कांबळ्यातून रक्त गळून पाण्यात पडत होतं. "सडकेपर्यंत चला, सडकेवर गाडी मेळतली," असं कोणीतरी म्हणत होतं. उमेशच्या बाबांनी मला बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही. ते व्हाळ ओलांडून गावाच्या बाजूला गेले.

मागून आपा आणि दादा आले. दादाच्या दोन्ही खांद्यांवर बंदुका होत्या, एक त्याची, एक आमची. आमच्याकडे भरलेली बंदूक वेशीच्या आत नेत नाहीत. राखणदारापाशी ती हवेत उडवून मोकळी करायची, मगच गावात यायचं. माणूस कांबळ्यात तळमळत असताना सुद्धा आपा थांबले, बंदूक वर करून त्यांनी बार काढला आणि धोंड्याला हात लावून तसेच पुढे धावले. दादा मागे राहिला.

त्याने डाव्या खांद्यावरची बंदूक काढली. तिच्या दस्त्याची तार उन्हात चमकली. त्याने घोड्याखाली बघितलं आणि तसाच बघत राहिला. मग घोडा पडला की ठिणगी देणारी तांब्याची जुनी टोपी त्याने नखाने काढून व्हाळात टाकली, आपल्या बटव्यातली नवी टोपी बसवली आणि बार काढला. दुसरी बंदूक त्याने खांद्यावरून उतरवलीच नाही.

"दादा, काय झाला रे?" मी विचारलं.

मी तिथे आहे हे त्याला तोवर कळलं नव्हतं. त्याच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"बुधाजीक लागला," तो म्हणाला. "तू घराक जा, आवडू."

बुधाजी सडकेपर्यंत पोचला नाही.

संध्याकाळी फौजदार आले. आमच्याच अंगणात खुर्ची टाकून बसले. मी आत चुलीपुढे होते, मांडीवर उमेश. सगळं ऐकू येत होतं.

"गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली?"

 मग उमेशच्या बाबांचा आवाज आला.

"बार माझो."

"तू मारलीस?"

"हाळी मी दिलंय. सगळ्यांनी आयकली. बार माझो."

"तुला माणूस दिसला नाही?"

"झाळीत हलला. माका डुकर वाटला."

फौजदारांनी आपांना विचारलं. आपा म्हणाले, होय, हाळी पुनाजीचीच होती. दादाला विचारलं. दादा म्हणाला, माझी बंदूक उडलीच नव्हती, मी ती वेशीवर मोकळी केली. आपा म्हणाले, होय, वेशीवर दोन बार झाले, एक माझो, एक ह्येंचो. रानात एक, वेशीवर दोन. तीन बंदुकांचा हिशोब बरोबर जुळत होता.

मी उमेशला खाली ठेवलं. मला व्हाळात पडलेली ती टोपी दिसत होती. उमेशच्या बाबांची बंदूक जर रानात उडाली होती, तर वेशीवर तिच्यातून बार निघाला कसा?

तोवर फौजदारांनी तिन्ही बंदुका शिपायांच्या हवाली केल्या होत्या. तिन्ही मोकळ्या, तिन्ही आतून सारख्याच काळ्या. दारू आणि शिसं सकाळी आपांनी सगळ्यांना एकाच डब्यातून दिलेलं. बुधाजीच्या अंगातून निघालेलं शिसं कोणत्या नळीतलं हे पुढे कोणालाच सांगता आलं नाही.

उमेशचे बाबा जामिनावर सुटून आले ते जेवेनात, बोलेनात. गोठ्यात जाऊन बसत. मी तिथेच गेले.

"तुमची बंदूक उडाक नाय," मी म्हटलं.

ते बैलाची पाठ खरवडत होते. हात थांबला.

"दादान ती वेशीवर उडवली. मी बघलंय. टोपी बदलली, मगे उडली."

"तू काय बघलंस नाय."

"मी व्हाळात होतंय."

"तू कपडे धुवत होतंस. कपडे बघ आपले." थोड्या वेळाने तेच म्हणाले, "डुकर समोरसून गेला. मी घोडो वडलंय, नुसता टक झाला. टोपी गारठलेली. आणि त्याच घटकेक शेजारच्या झाळीत बार झालो. तोंडातसून हाळी गेली. झाला."

"मगे तसा सांगा फौजदाराक."

"काय सांगू? पुनाजी गवसान खोटी हाळी दिली?"

"माणूस मेलो. हय मुंडी कोण मागता?"

"हाळी हाळी आसता," ते म्हणाले. पुन्हा खरारा फिरायला लागला.

शेजारच्या झाळीत दादा होता. ते दोघांनाही ठाऊक होतं. नाव मात्र त्यांनी घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.

दिवाळीत मी उमेशला कडेवर घेऊन देवसड्याला गेले. दादाची ड्युटी नव्हती. वहिनीने चहा दिला, पोरी उमेशला खेळवायला घेऊन गेल्या. दादाला चार मुली, त्यांतली थोरली लग्नाला आलेली. मी दादाला म्हटलं, मला सडकेपर्यंत पोचव. वाटेत विचारलं.

"वेशीवर तू बंदूक उडवलंस, ती कोणाची?"

"भरलेली बंदूक वेशीत हाडत नाय."

"कोणाची, इचारलंय."

तो काजूच्या झाडाखाली थांबला. खाकी शर्ट, खिशाला बिल्ला लावायची भोकं. घरातही तो तोच शर्ट घाले.

"तुझ्या घोवाची," तो म्हणाला.

"आणि तुझी?"

"माझी मोकळी होती."

"कधी झाली मोकळी?"

"आवडू, माका देवाशपथ आधी कळाक नाय. माझो बार सुटलो आणि त्याच घटकेक पुनाजीची हाळी. माका वाटला दोघांचे एकदम उडाले. बुधाजीक पडललो बघलंय, पण मनात म्हटलंय, त्याचो लागलो असतलो. वेशीवर ती बंदूक हातात घेतलंय तवा टोपी तशीच. तवा माका कळला."

"मगे तवाच कित्याक नाय सांगलंस?"

"तेणाच हाळी दिली. मी मागाक गेललंय? ज्याची हाळी त्याचो बार."

"डुकर पडला तर. माणूस पडलो तर?"

 रस्त्याने एक बैलगाडी गेली, गाडीवानाने दादाला रामराम केला, दादाने केला.

"शिक्षा झाली की नोकरी जाता," तो म्हणाला. "पुनाजीक शेती आसा. वर्सभर जावन इलो तरी शेती खंय पळत नाय. तुका मी बघीन. भाताक, कपड्याक, उमेशाच्या शाळेक. माझो शब्द."

"तू माका बघशीत?"

"भाव मगे कित्याक आसता?"

एसटी आली. कंडक्टर दादाच्या ओळखीचा, त्याने माझं तिकीट फाडलं नाही.

हिवाळा गेला, शिमगा गेला, तारखा पडत गेल्या. आपांनी तालुक्याचे नेरुरकर वकील दिले होते. उमेशच्या बाबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की मी गुन्हा कबूल करणार. आणि मी गप्प होते. दोघेही मला सांगत होते की गप्प बस, आणि दोघेही माझेच होते. मला वाटायचं, सगळ्यांना जर हेच बरं वाटतं तर मी कोण.

एका दुपारी बुधाजीची बायको चंद्रभागा परसातून आली. इतक्या महिन्यांत ती आमच्या घराकडे फिरकली नव्हती. मी पाट दिला, ती बसली नाही.

"तुझ्या घोवाक मी रोज गाळी घालतंय," ती म्हणाली. "सकाळी उठल्यार आणि निजताना. तुका आयकाक येता काय?"

"येता."

"मी मुद्दाम मोठ्यान घालतंय." ती उमेशकडे बघत होती. तो मातीत बसून डबा वाजवत होता. "पण एक सांग. माझो घोव पुनाजीच्या बंदुकीपुढे जावक कधीच भियत नसा. तो म्हणी, पुनाजी घाई करणारो नाय, झाळीत हलला म्हणून बार घालणारो नाय. बावीस वर्सा एकत्र शिकार केली दोघांनी. मगे ह्या असा कसा झाला?"

मी उमेशच्या हातातला डबा काढून घेतला.

"तुका ठावक आसा," ती म्हणाली.

"कित्यावरसून म्हणतंस?"

"तू माझ्याकडे बघणस नाय. तुझो घोव माझ्याकडे बघता, तू बघणस नाय." तिने पदर खोचला. "माका कोणाक जेलात घालूचा नाय. माझो तो काय परत येवचो नाय. पण गाळी तरी बरोबर माणसाक लागाक होयी. गेले सात-आठ महिने मी भलत्याच माणसाक घालतंय, असा माका वाटाक लागला."

ती आली तशी गेली. त्या संध्याकाळी तिच्या घरातून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला नाही. घर आणि घर यांच्यामध्ये इतकं शांत कधी नव्हतं.

मी उमेशच्या बाबांना सांगितलं की पोराला दवाखान्यात नेते, आणि तालुक्याला नेरुरकर वकिलांकडे गेले. ते म्हातारे, कानाने थोडे कमी. त्यांनी दोनदा सगळं सांगायला लावलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या रानात ओरडण्याला किंमत असेल. कायद्याला दोनच गोष्टी लागतात. गोळी कोणाच्या हातून सुटली, आणि समोर काय आहे हे न बघता त्याने ती सोडली का. डुकराची शिकारच मुळात बंद आहे, त्याचा दंड सगळ्यांना होईल तो वेगळा. पण हा माणूस न केलेला गुन्हा कबूल करायला निघालाय."

"तेंका सांगू नकात मी इलंय म्हणून."

"नाही सांगत. त्याला सांगतो की कबुली देऊ नको, साक्षी होऊ देत, शिक्षा कमी होईल. तेवढं तो ऐकेल." मग चष्मा काढून म्हणाले, "सगुण नाईक म्हणजे तुमच्या माहेरचे?"

"भाव माझो."

"सख्खा?"

"सख्खो."

वकील बराच वेळ चष्माच पुसत राहिले. "घरी जाऊन विचार करा. पुढच्या तारखेला आलात तर साक्ष घेईन. नाही आलात तर तुम्ही इथे आला नव्हतात."

पुढच्या तारखेला मी गेले.

कोर्टात आधी आपांना पुन्हा बोलावलं. नेरुरकरांनी त्यांना विचारलं की वेशीवर सगुण नाईकांकडे किती बंदुका होत्या. दोन, आपा म्हणाले. त्यांनी कोणती उडवली? आपा म्हणाले, मी पुढे धावत होतो, आवाज ऐकला, बघितलं नाही. मग माझं नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभे होते ते उमेशचे बाबा वळले. शिकारीच्या सकाळी माझ्या हसण्यावर त्यांनी बघितलं होतं तसं काही ते बघणं नव्हतं. ते मला ओळखायचा प्रयत्न करत असावेत असं वाटलं.

मी जे बघितलं ते सांगितलं. तार, टोपी, बार. सरकारी वकील उठले. तरणे होते, आवाज चांगला.

"आरोपी तुमचे कोण?"

"घोव."

"नवऱ्याला शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटतं का?"

"नाय."

"नवऱ्याला सोडवण्यासाठी तुम्ही काहीही सांगाल, बरोबर?"

"तेणीच माका सांगला होता, काय बघलंस नाय म्हण."

कोणीतरी मागे हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली, हसणं थांबलं.

"म्हणजे ही गोष्ट तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय. इतके महिने गप्प का होता?"

"ज्यान ती बंदूक उडवली, तो माझो भाव."

"चुलत?"

"एका आयेचे. दुसरो भाव नाय माका. बापूस नाय, आये नाय. म्हायारात तोच."

सरकारी वकिलांच्या हातात कागद होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि आणखी काही विचारायचं नाही असं म्हणाले. कारकुनाने जबानी वाचून दाखवली. मला तेव्हा सही येत नव्हती, अंगठा दिला.

दादा बाहेर व्हरांड्यात होता. त्याची साक्ष आधीच झाली होती, पण तो प्रत्येक तारखेला येऊन बसे. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. मी पायऱ्या उतरायला लागले तसा तो उठला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने माझ्या कडेवरच्या उमेशच्या डोक्यावरून हात फिरवला. केस नवे आले होते, दाट.

"आता म्हायार खंय तुझा?" त्याने विचारलं.

 उत्तरासाठी तो थांबला नाही. तो सरळ आत गेला, आणि नेरुरकर वकिलांनी मला नंतर सांगितलं की त्याने न्यायाधीशांपुढे हात जोडून आपल्याला बोलायचं आहे असं म्हटलं. त्याला थांबायला सांगितलं. त्याचा खटला वेगळा चालला, खोटी साक्ष दिल्याचं कलमही लागलं. त्याने सगळं कबूल केलं. वर्षाची शिक्षा झाली आणि नोकरी गेली.

उमेशचे बाबा निर्दोष सुटले. निकालाच्या दिवशी आम्ही शेवटची एसटी धरून सडकेवर उतरलो. सडकेपासून गावापर्यंत चालायचं. ते पुढे, मी मागे. घराकडे न वळता ते सरळ व्हाळापलीकडे राखणदारापाशी गेले, धोंड्याला हात लावला आणि तिथेच बसले. मीही टोपली खाली ठेवली.

"तुका वाटला माका सोडवलंस," ते म्हणाले.

"सुटलास नाय?"

"तुका माझी गोष्ट कळाकच नाय. तुका वाटता मी तुझ्या भावाक वाचवत होतंय. तेका कित्याक वाचवू? माका तो आवडत नसा, तुझ्यासमोर माझी चेष्टा करी." ते पाण्याकडे बघत होते. "हाळी दिली ती खोटी. ती तोंडातसून गेली तवाच माका कळला. मगे बुधाजी दिसलो. तवा म्हटलंय, आता ही हाळी खरी करूचो एकच रस्तो आसा. मी जेलात जावन इलंय असतंय तर ती खरी झाली असती. बार माझो झालो असतो. पुरो भोगून माझो. तू तो माझ्याकडसून काढून घेतलंस आणि भर कोर्टात सांगलंस, ह्येची बंदूक उडाकच नाय."

मी म्हटलं, "चंद्रभागेन इचारला."

"चंद्रभागेक माका गाळी घालूक देवच्या होत्या. मी आयकी होतंय. माका बऱ्या वाटत."

आम्ही घरी आलो. त्यांनी मला कधी मारलं नाही, टाकलं नाही, घरातून जा म्हटलं नाही. शेती केली, उमेशला शिकवलं, आजारपणात माझं बघितलं. पण पानावर बसलं की पुरेल तेवढं मागून घेत, आणि त्याशिवायचं बोलणं कमी होत होत संपलं. पुढच्या आश्विनात रान हाकायचं ठरलं तेव्हा आमच्या अंगणात कोणी बोलवायला आलं नाही. ते दिवसभर ओसरीवर बसून लांबून येणारी हाकव्यांची ओरड ऐकत होते. असं प्रत्येक वर्षी झालं. परवाना त्यांनी परत केला. बंदूक पोलिसांकडेच राहिली, ती मागायला ते गेले नाहीत.

चंद्रभागा एकदा देवसड्याला गेली. दादा तेव्हा जेलातून सुटून आला होता. तिने त्याच्या अंगणात उभं राहून पोटभर शिव्या दिल्या, वहिनीने दिलेलं पाणी प्याली आणि चालत परत आली. मला हे तिनेच सांगितलं, परसातल्या कुंपणापलीकडून. पुढे ती आणि मी बोलत असू, मिठाचं, भाजीचं. बुधाजीचं नाव आमच्यात कधी निघालं नाही.

माहेरी मी एकदाच गेले. थोरल्या भाचीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं होतं, आमंत्रण नव्हतं. वहिनी दारात आली. दादा आत खाटेवर बसलेला मला दिसत होता. वहिनी म्हणाली, "आवडू, ते घरात नाय." दादाने आतून ते ऐकलं आणि तो खाटेवरून उठला नाही. मी आणलेला खण उंबऱ्यावर ठेवून परत फिरले.

उमेश आता ठाण्याला असतो. त्याने एकदा विचारलं होतं की आपल्याला मामा होता ना. होता, म्हटलं.

उमेशचे बाबा, पुनाजी गवस, त्र्याण्णव सालच्या माघात झोपेतच वारले. माझा भाऊ सगुण नाईक दोन हजार चार सालच्या श्रावणात वारला, आणि मला ते त्याच्या तेराव्यानंतर कळलं.